नावावर चढलं

"बोरीचं वावर गेलं. पोस्टमनच्या नावावर चढलं."

ही दोन वाक्यं माझी आहेत. एका खेळासाठी मी ती लिहिली होती. माझ्या दुकानाच्या नंबरवरून ती आमच्या गावातल्या एका काकूंच्या फोनवर गेली, काकूंनी अक्षराला अक्षर लावून ती वाचली आणि खरी धरली. पुढचे काही दिवस मी माझ्या गावाचं जे रूप पाहिलं त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून शेती करणारी दोन घरं माझ्यामुळे तुटायला आली होती. त्यातल्या एका घराच्या माथी जमीन बळकावल्याचा आळ आला होता. आणि हे सगळं कशानं झालं ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असलेला माणूस मी एकटाच होतो.

मानोऱ्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, दाखले, पीकविम्याचे अर्ज, झेरॉक्स. गाव माझं इंझोरीच्या रस्त्याला लागतं, रोज मोटारसायकलनं जाणं-येणं. काम झालं की गिऱ्हाइकाच्या फोनवर दुकानातून मेसेज जातो : सातबारा तयार आहे, घेऊन जा. त्यामुळे गावातल्या कितीतरी फोनमध्ये माझं नाव 'सातबारावाला' असंच घातलेलं आहे. त्या नंबरवरून काही आलं की लोक ते सरकारी समजतात. मला याचा अभिमान होता, हे लपवत नाही.

दुपारी सरकारी सर्व्हर बसतो. मग बाकावरची माणसं चहाला जातात, मी स्क्रीनसमोर बसून राहतो. अशाच एका बसलेल्या दुपारी मला तो खेळ सापडला. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या चार-दोन हौशी लोकांनी तो बनवला होता. नाचणारी चित्रं नाहीत, गोळीबार नाही. षट्कोनी घरांचा एक नकाशा. प्रत्येकाला एक तुकडा जमीन. रोज एक चाल. धान्य साठवायचं, राखणदार ठेवायचे, हद्द पुढे सरकवायची, कुणाशी सलोखा करायचा, कुणाचा मोडायचा. चाल विचार करून खेळावी लागे, आणि समोरचा माणूसही कुठेतरी डोकं धरून बसला असेल याची गंमत वाटे. मी दहावीपर्यंत बुद्धिबळ बरा खेळायचो. नंतर खेळायला माणूसच उरला नाही. या खेळात माणसं मिळाली. कोण कुठला ते कधी कळलं नाही, पण चाल वाचून माणूस ओळखू येत असे.

पण खेळ छोटा होता आणि आणखी छोटा होत चालला होता. खेळणारे कमी झाले की तो नकाशा बंद करायचा, असा त्यांचा नियम. आमचा नकाशा त्या काठावर आला तेव्हा मी मोठ्या उमेदीनं त्यांना लिहिलं, की मला एक मराठी नकाशा काढू द्या, मी माणसं आणतो. त्यांनी लगेच हो म्हटलं. कुणी सांभाळणारा मिळाला याचाच त्यांना आनंद झाला असावा.

आधी मी झेरॉक्स मशीनवर एक कागद चिकटवला. फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांना खेळ दाखवू लागलो. ती बघत, दोन चाली खेळत, उठून जात. एकजण म्हणाला, "काका, इथं तं मसनवटा हाय. कोनीच नाई."

ते खरंच होतं. रिकाम्या नकाशावर कुणी थांबत नाही. आणि कुणी थांबत नाही म्हणून नकाशा रिकामाच राहतो. या फेऱ्यातून बाहेर कसं पडायचं हेच मला कळेना.

मला वाटलं, भाषेत खोट असेल. खेळातले मराठी संदेश कुणीतरी यंत्राकडून करून घेतलेले होते : 'आपला प्रदेश काबीज करण्यात आला आहे.' असं कोण बोलतं? मी बसून सगळे संदेश आपल्या बोलीत केले. प्रदेशाचं वावर केलं, सीमेचा धुरा केला. शत्रू हद्दीपाशी आला की संदेश येई, 'धुऱ्यावर कोनीतरी उभं हाय.' चाल खेळायची वेळ झाली की, 'तुमची पाळी आली.' विहिरीच्या पाण्याची पाळी असते ना, ती माझ्या डोक्यात होती. रात्रीच्या जेवणाच्या वेळी बायकोला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं, तर तिनं भाकरी तव्यावरच सोडली.

"हे बायांच्या फोनवर पाठवसान तुमी? पाळी आली म्हनून?"

"अगं, पाण्याची…"

"पान्याची म्हनून कोन समजन? गावात तोंड दाखवाले जागा राहाची नाई. एक तं कोनी खेळून नाई राह्यलं, वरून मार खासान."

मी ते बदलून 'तुमचा नंबर आला' केलं. ती हसत होती, मीही हसलो. शब्द ज्याच्या फोनवर जाईल त्याला तो कसा ऐकू येईल, हे तिनं मला त्या दिवशी सांगितलं होतं. मी त्यातून एकच शब्द बदलण्यापुरतं शिकलो.

मग मला दुसरी युक्ती सुचली, आणि ती लागू पडली. नकाशावर मी आमच्या गावाचं शिवार काढलं. नाला जिथे आहे तिथे नाला, पांदण तिथे पांदण. तुकड्यांना वावरांची खरी नावं दिली : मोहाचं वावर, खारीचं वावर, नाल्याकाठचं, बोरीचं. पोरं आता थांबू लागली. "अबे, हे तं आपलं!" म्हणून ओरडू लागली. तरी नकाशा अर्धा रिकामाच दिसे.

तेव्हा मी जे केलं ते असं. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये गावातल्या गिऱ्हाइकांचे नंबर होतेच. ज्याचं वावर त्याच्या नावानं मीच खेळात नोंद करून टाकली, आणि खेळाचे संदेश जायला दुकानाचाच नंबर जोडून दिला. कुणाला विचारलं नाही. नकाशा भरलेला दिसावा एवढंच मनात होतं. खेळायला खरी माणसं आली की ही नावं काढून टाकू, असं स्वतःला सांगितलं. एका संध्याकाळी सगळं शिवार हिरवं झालं. प्रत्येक तुकड्यावर नाव होतं. पाहून मला भरून आलं.

पहिले खरे खेळाडू आले ते आमच्या गावचे पोस्टमनकाका. पोस्टातून निवृत्त झालेले, पायात अजून तोच वेग. आयुष्यभर सायकलवर गावोगाव टपाल वाटलं आणि नोकरीच्या जोरावर थोडं वावर विकत घेतलं. त्यांच्या घराण्यात स्वतःच्या नावावर जमीन घेणारे ते पहिलेच. त्यांना "जय भीम, काका" म्हटलं की "जय भीम, भाऊ" म्हणत बाकावर टेकायचे आणि कोण आलं, कोण गेलं त्याची चौकशी करायचे. पेन्शनचा हयातीचा दाखला काढायला आले होते, सर्व्हर बसलेला होता, म्हणून मी त्यांना नकाशा दाखवला.

"हे आपलं शिवार हाय काय?" चष्मा वर करत ते म्हणाले. "नाला उलट्या अंगानं काढला तुमी."

मी नाला सुलटा केला. ते खेळू लागले. आठवड्याभरात त्यांनी मला हरवलं. राखणदार कुठे ठेवावा हे त्यांना आपोआप कळे; कोणत्या वाटेनं कोण कुठे निघतं हे त्यांनी सायकलवरून पाहिलेलं होतं. खेळातलं नाव त्यांनी 'पोस्टमन' हेच घेतलं. रोज सकाळी दहाच्या आत त्यांची चाल आलेली असे.

"भाऊ, तुमचा हा खेळ लय डोक्याचा हाय," ते म्हणत. "पन लोक लय ढिले. राखन ठेवतच नाई कोनी."

राखण ठेवणारं कुणी नव्हतंच. ते मी त्यांना सांगितलं नाही. एवढा चांगला खेळाडू मिळाला होता. त्याला कळलं असतं की सगळं शिवार मीच नावं टाकून भरलंय, तर तो उठून गेला असता. मी म्हणालो, "नवीन आहेत ना, शिकतील."

त्यांच्या वावराला लागून काकूंचं वावर आहे, बोरीचं. काकूंचे यजमान गेले त्याला काही वर्षं झाली. वारसाची नोंद करायला त्यांनी फार खेटे घातले, शेवटी तो अर्ज मीच भरून दिला होता. नोंद झाली त्या दिवशी मी त्यांना दुकानातून मेसेज पाठवला होता : 'काकू, बोरीचं वावर तुमच्या नावावर चढलं.' काकू पेढे घेऊन दुकानात आल्या होत्या. तो मेसेज त्यांनी पुसला नव्हता. खेळासाठी शब्द शोधताना 'नावावर चढलं' हे मला तिथूनच सुचलं. लोकांना पटकन कळेल असा शब्द हवा होता, आणि तो कळलाच.

विहीर काकूंच्या वावरात आहे. काकूंच्या वावरात जायची वाट पोस्टमनकाकांच्या वावरातून आहे. पाणी यांचं, वाट त्यांची. काकूंच्या यजमानांच्या काळापासून हे असंच चाललेलं, त्यासाठी कधी कागद केला नाही. दिवसाची लाइन असली की एक दिवस यांचा हरभरा भिजे, एक दिवस त्यांचा गहू.

एका सकाळी पोस्टमनकाकांनी खेळात बोरीचं वावर घेतलं. नियमाप्रमाणेच घेतलं. राखण नव्हती, कितीतरी दिवस चाल नव्हती. मीही तेच केलं असतं. यंत्रानं आपलं काम केलं आणि काकूंच्या फोनवर मेसेज गेला.

दुपारी काकू दुकानात आल्या. येताना एसटीत उभ्यानं आल्या असाव्यात, पदर घामानं चिकटला होता. बटव्यातून छोटा बटणांचा फोन काढून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"बाबू, हे वाच बरं. मले बरोबर वाचता आलं का नाई ते पाह्य."

मी वाचलं. माझं वाक्य मला ओळखू आलं. आणि मी हसलो. ते हसू कुठून आलं मला ठाऊक नाही. घाबरलेल्या माणसाचं असतं तसलं.

"काही नाही काकू. फालतू मेसेज आहे."

"तुयाच नंबरवरून आला."

"हो… म्हणजे, मशीनची चूक झाली. तुम्ही काळजी करू नका." असं म्हणून मी बटण दाबून तो मेसेज पुसून टाकला आणि फोन त्यांच्या हातात परत दिला.

काकूंनी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "फालतू होता तं पुसला काहून?"

मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी म्हणालो, काकू, संध्याकाळी घरी येतो, सांगतो. काकू फोन बटव्यात टाकून निघून गेल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो नाही. काय सांगणार होतो? माझ्या करमणुकीसाठी तुमचं नाव न विचारता एका खेळात घातलं? उद्यापर्यंत विसरतील असं म्हणून मी सरळ घरी गेलो. इतका भाबडा विचार पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसानं करावा, याचंही मला आता नवल वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वावरात गेल्या तेव्हा पोस्टमनकाका धुऱ्यावर होते. काकूंचं नाव त्यांनी नकाशावर रोज पाहिलेलं. त्यांना वाटत होतं, वहिनीही खेळतात. त्यांनी हसत हाक मारली, "काय वयनी, बोरीचं वावर तं घेतलं म्या! राखन नाई ठेवली तुमी."

हे मला नंतर दोघांकडूनही कळलं. दोघांनीही तेच शब्द सांगितले. एकजण थट्टा करत होता, आणि दुसरीच्या पायाखालची जमीन सरकत होती.

काकू तडक विहिरीवर गेल्या, मोटार बंद केली, मोटारच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली बटव्यात टाकून गावात आल्या.

मला हे बायकोकडून कळलं. दुपारी घरी येऊन मी जेवायला बसलो होतो. ती दळण घेऊन आली तीच धापा टाकत.

"पोस्टमनकाकानं बोरीचं वावर नावावर करून घेतलं म्हन्ते."

"कोण म्हणतं?"

"कोन म्हनाले कायले पाह्यजे? सारं गाव म्हनून राह्यलं. काकूले मेसेज आल्ता, तुमच्या दुकानातून. तुमी तो पुसून टाकला म्हन्ते." ती थांबली. "काहून पुसला हो?"

मी तिला खेळाचं सांगितलं. सगळं सांगितलं, नंबर घातल्याचंही. तिनं दळणाचा डबा खाली ठेवला. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "मंग तुमी जेवून काय राह्यले?"

मी उठून गावात निघालो. पाराजवळ पाच-सहा माणसं बसली होती. त्यातले दोघे माझ्याबरोबर शाळेत होते. मला पाहून एकजण सरकला, जागा दिली. आवाज खाली आणून म्हणाला, "तूच केलं का रे ते काम? कितीक घेतले त्यायच्याकून?"

मी नाही म्हणायच्या आत दुसरा बोलू लागला : "वावर घेतलं तवाच मी म्हनलो होतो. आज वाट देईन, उद्या वावर घेईन. या लोकायचं असंच."

या लोकायचं. हा माणूस काकांच्या हातून पोराचं नोकरीचं पत्र घेऊन नाचला होता. काकांनी ते पत्र भर पावसात नाला ओलांडून आणलं होतं, आणि ती गोष्ट हाच चारचौघांत सांगायचा. सकाळी कुलूप लागलं आणि दुपारपर्यंत हे झालं. कुणी सातबारा पाहिला नव्हता, काकांना कुणी विचारलं नव्हतं. मला वाटायचं मी माझ्या गावाला ओळखतो. नाला कुठे वळतो ते ठाऊक होतं. हे ठाऊक नव्हतं.

आणि मी? मी त्या पारावर म्हणालो, "तसं काही नाही, गैरसमज आहे," आणि उठलो. एवढंच. माझा खेळ होता हे तिथे माझ्या तोंडून निघालं नाही. काकूंना आधी सांगू, मग गावाला, असं मी मनाशी म्हटलं. पाराकडे पाठ फिरवताना मला माझीच लाज वाटत होती, तरी पाय चालतच राहिले.

काकूंच्या घराला कुलूप होतं. त्या भावाकडे सल्ला विचारायला गेल्या होत्या. मी मोटारसायकल काढून मानोऱ्याला गेलो, दुकान उघडलं, बोरीच्या वावराचा ताजा सातबारा काढला. काकूंचं नाव होतं, असायलाच हवं होतं. सकाळी तो घेऊन मी विहिरीवर गेलो.

काकू मोटारच्या पेटीजवळ दगडावर बसल्या होत्या. धुऱ्याच्या पलीकडे पोस्टमनकाका उभे. त्यांचा गहू ओंबीवर आलेला, पाण्याची पाळी त्यांची होती आणि पात्यांची टोकं वाळू लागली होती. शेजारच्या वावरातली काही माणसं काम टाकून आली होती; भांडण होईल या आशेनंच आली असावीत.

"वयनी, काई चुकलं असन तं सांगा," काका म्हणत होते. "असं गुपचूप कुलूप कायले?"

"मले काय इचारता? तुमी तं काल सोतानं सांगतलं, घेतलं म्हनून!"

"अवो ते…"

मी मध्ये जाऊन काकूंच्या हातात सातबारा दिला. "काकू, पाहा. तुमचंच नाव आहे. कालच काढलाय."

काकूंनी तो कागद पाहिला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "हा कागद कुठचा?"

"माझ्या दुकानातला."

"मेसेज कुठचा होता?"

"माझ्या दुकानातला."

"मंग यातलं खरं कोन्तं, बाबू? दोनी तुयेच."

इतकी वर्षं लोक माझ्या कागदाला सरकार समजले. त्या बाईनं एका प्रश्नात ते सगळं काढून घेतलं, आणि तिचं बरोबर होतं. पळायला आता जागा नव्हती. मी सांगून टाकलं. उभ्या उभ्या सांगितलं : खेळ आहे, मी आणला, त्यात माणसं येईनात म्हणून मी तुमची नावं घातली, न विचारता, मेसेजची वाक्यं मी लिहिली, काकांनी खेळातलं वावर घेतलं, तुमचं नाही, काकूंचा मेसेज मी भिऊन पुसला, काल पारावर लोक बोलत होते तेव्हा मी गप्प बसलो.

खेळ म्हणजे काय ते काकूंना पटकन कळेना. मी फोनवर नकाशा दाखवला. त्यांनी नाला ओळखला, पांदण ओळखली, बोरीवर बोट ठेवलं. तिथे 'पोस्टमन' लिहिलेलं होतं.

"हे… हे खेळन्यातलं?"

"हो, काकू."

"म्हंजे तू माहं वावर खेळाले देल्लं." त्यांचा आवाज चढला नाही. "माह्या मानसाच्या मांगं ते नावावर चढवाले मी किती पाय झिजवले, तुलेच ठाव होतं. तूच फॉर्म भरला. अन् तूच खेळाले देल्लं."

जमलेल्यांतला एकजण हसला, बहुधा त्यालाही काय करावं सुचलं नसेल. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुढे हसला नाही.

माझं सगळं लक्ष काकूंकडे होतं. पोस्टमनकाका धुऱ्यावरच उभे होते, आपल्या फोनवर तोच नकाशा उघडून. ते एकेका वावरावर बोट ठेवत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "हे नाल्याकाठचंवाले खेळत होते का?"

"नाही, काका."

"मोहाचंवाले?"

"नाही."

"खारीचं?"

मी मान हलवली.

"म्हंजे म्या कोनासंगं खेळलो? येवढे दिवस?" त्यांनी चष्मा काढला. "म्या रोज सकाळी उठून इचार करत होतो, हा का खेळन, तो का खेळन. गावात भेटले की मनातल्या मनात हसत होतो, की याले आज मात देल्ली. अन् त्यायले ठावच नाई."

त्यांनी पारावरच्या लोकांबद्दल एक शब्दही विचारला नाही. मला वाटतं त्यांना सगळं कळलेलं होतं, माझ्या कितीतरी आधी. काल दुपारपासून त्यांच्या हाकेला कुणी सरळ उत्तर दिलं नसणार.

काकू उठल्या. बटव्यातून किल्ली काढली, पेटीचं कुलूप उघडलं, बटण दाबलं. मोटार घरघरली, पाटात पाणी आलं. "भाऊ," त्या धुऱ्यापलीकडे पाहून म्हणाल्या, "माह्या तोंडून गावात लय वंगाळ निघालं. मीच जाऊन सांगीन साऱ्यायले. पानी घ्या."

"घेतो, वयनी." काकांनी वाकून पाटाचं तोंड आपल्याकडे वळवलं. पाठमोरेच म्हणाले, "तुमी नका जाऊ सांगाले. ज्यानं केलं तो जाईन."

मी गेलो. त्याच दिवशी पारावर उभा राहून सगळं सांगितलं. कुणी शिव्या दिल्या, कुणी टिंगल केली, पोरांना तर महिनाभराची करमणूक झाली. ते मला चाललं. चाललं नाही ते हे, की 'या लोकायचं असंच' म्हणणारा माझा वर्गमित्र माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जाऊ दे ना लेका, खेळच होता." त्याला वाटत होतं माझ्याकडून चूक झाली. त्याच्याकडून काही झालं असं त्याला वाटतच नव्हतं. मी त्याला तसं म्हणालोही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जणू मी परकी भाषा बोलत होतो.

घालून ठेवलेली सगळी नावं मी त्याच संध्याकाळी काढून टाकली. ज्यांचे नंबर घेतले होते त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. बहुतेकांना काही कळलंच नाही. त्यांच्या फोनवर कधीचे मेसेज पडून होते, कुणी उघडलेही नव्हते. नाव काढण्याआधी काकूंना मी विचारलं होतं, या वेळी विचारलं, की काढू ना? त्या म्हणाल्या, "आधी तिथं माहं नाव परत लाव. मंग काढ." खेळात वावर परत देता येत नाही, फक्त घेता येतं. पोस्टमनकाकांना मी हे सांगितलं, तर त्यांनी बोरीच्या वावरावरचे आपले सगळे राखणदार उठवले आणि बाजूला सरले. काकूंच्या नावानं मी चाल खेळलो. काकूंनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं. "आता काढ," म्हणाल्या. मी काढलं. काकांनी त्यानंतर चाल केली नाही. नकाशा बंद झाला.

विहिरीचं पाणी पूर्वीसारखं पाळीनं चालतं, वाटही चालू आहे. हरभरा निघाला, गहू निघाला. काकू माझ्याशी बोलतात, पण काम असलं तर दुसऱ्या दुकानात जातात, आणि मला त्यात काही बोलायला जागा नाही.

परवा पोस्टमनकाका दुकानात आले. "जय भीम, काका," मी म्हणालो. "जय भीम, भाऊ." ते बाकावर बसले नाहीत.

"माह्या वावराचा सातबारा काढून द्या बरं."

"कशासाठी पाहिजे? बँकेचं काम आहे का?"

"नाई, काम काई नाई." ते जरासे हसले. "पाह्यतो, नाव माहंच हाय ना अजून."

ते थट्टा करत होते की नाही ते मला ओळखता आलं नाही. ज्यांची चाल मी रोज वाचत होतो त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मी सातबारा काढला, त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नावावर बोट ठेवून ते सावकाश वाचलं, कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"पुढच्या महिन्यात परत येतो," ते म्हणाले.